एका डेव्हिलची गाठ, हजारो जबड्यांत

कॅन्सर झालेल्या माणसाचं ताट-वाटी वेगळं काढणारी घरं अजून आपल्याकडे सापडतात. डॉक्टर त्यांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात : कॅन्सर लागत नाही. ते वाक्य खरं आहे आणि पुढे जे सांगणार आहे त्याने ते खोटं ठरत नाही. एकाच्या शरीरातली बिघडलेली पेशी चुकून दुसऱ्याच्या शरीरात गेली, तरी तिथली रोगप्रतिकारक यंत्रणा तिला परकी म्हणून ओळखते आणि संपवून टाकते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे विषाणू असतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे बरोबर. पण तिथेही पसरतो तो विषाणू. गाठ मात्र ज्याची त्याच्याच पेशींतून नव्याने तयार होते.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे. तिथला एक जंगली प्राणी गेली काही दशकं अशा कॅन्सरने मरतो आहे, जो खरोखरच लागतो. मध्ये विषाणू नाही, जिवाणू नाही, बुरशी नाही. गाठीतल्या जिवंत पेशीच एका जनावरातून दुसऱ्यात उतरतात, रुजतात, वाढतात आणि त्याचा जीव जाण्याआधी तिसऱ्याकडे पोचलेल्या असतात.

हा प्राणी म्हणजे टास्मानियन डेव्हिल. अंगाने छोट्या कुत्र्याएवढा, काळाभोर, छातीवर बहुधा एखादा पांढरा पट्टा. मोठा नर दहा-बारा किलोपर्यंत भरतो. कांगारूसारखीच मादीच्या पोटाला पिशवी असते, पण खाणं पूर्ण मांसाहारी, आणि त्यातही मेलेलं जनावर मिळालं तर फारच उत्तम. त्याचा जबडा एवढा ताकदवान की कातडं, हाडं, केस काहीही मागे उरत नाही. रात्री एखाद्या मेलेल्या वॉलबीभोवती (वॉलबी म्हणजे छोटा कांगारूच) चार-पाच डेव्हिल जमले की जे किंकाळणं आणि गुरगुरणं चालतं, त्यावरूनच युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्यांना हे नाव दिलं. बिचाऱ्यांच्या वाट्याला वाईट नाव आलं, एवढंच. रानातली घाण साफ करण्याचं काम तेच करतात.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून डेव्हिल सुमारे 3,000 वर्षांपूर्वीच नाहीसे झाले आणि टास्मानियात तेवढे उरले. त्यांचा मोठा भाऊबंद, पट्टेदार थायलसीन, माणसाने मारून संपवला. शेवटचा ज्ञात थायलसीन 1936 साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तेव्हापासून पोटाला पिशवी असणाऱ्या मांसाहारी प्राण्यांत डेव्हिलच सगळ्यांत मोठा.

या गोष्टीत त्यांची एक सवय फार महत्त्वाची आहे : डेव्हिल एकमेकांना चावतात, आणि तेही तोंडावर. मढ्यावरून भांडताना चावतात. विणीच्या हंगामात तर जास्तच, कारण नर मादीला बिळात अडवून धरतो, दुसऱ्या नरांना हुसकावतो, आणि मादीही काही कमी नसते. चेहऱ्यावर एकही व्रण नाही असा प्रौढ डेव्हिल दिसणं कठीण. लाखो वर्षं या चाव्यांनी त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं.

1996 साली बेटाच्या ईशान्य टोकाला, माउंट विल्यम भागात, एका डच छायाचित्रकाराने काही डेव्हिलचे फोटो काढले. त्यांच्या तोंडावर मोठमोठ्या, चिघळलेल्या गाठी होत्या. सुरुवातीला ती एखाद-दुसऱ्या जनावराची कहाणी वाटली. पण पुढच्या काही वर्षांत तशा गाठी दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकताना दिसू लागल्या. गाठ ओठावर, हिरडीवर किंवा गालात सुरू होते. वाढत जाऊन डोळा झाकते, दात उखडते, जबडा खाते. कित्येकांच्या फुफ्फुसात आणि इतर अवयवांतही पसरते. गाठ दिसू लागल्यापासून सहा महिने ते वर्षभरात जनावर मरतं, बऱ्याचदा उपासमारीने, कारण तोंड चालेनासं होतं.

2003 मध्ये टास्मानिया सरकारने ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारसोबत डेव्हिल वाचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा पहिला संशय साहजिकच विषाणूवर होता. दुसरा संशय रसायनांवर. टास्मानियात लाकडासाठी वाढवलेल्या लागवडींवर आणि तिथे वापरल्या जाणाऱ्या विषारी औषधांवर आधीपासून राजकारण तापलेलं होतं, त्यामुळे या संशयाला भरपूर हवा मिळाली. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाठींत विषाणू सापडेना. आणि रसायनांमुळे कॅन्सर झाला असता तर प्रत्येक जनावरात तो थोडा वेगळा दिसायला हवा होता. हे जनावरं पकडून तपासणाऱ्यांना दिसत होतं त्याच्या अगदी उलट होतं. सगळ्या गाठी एकसारख्या होत्या.

कोडं सोडवलं गुणसूत्रांनी. ॲन-मरी पीअर्स या टास्मानियातल्या शास्त्रज्ञ, गुणसूत्रं पाहण्यात मुरलेल्या. निरोगी डेव्हिलच्या पेशीत 14 गुणसूत्रं असतात. गाठीतल्या पेशींत त्यांना 13 दिसली, तीही वेडीवाकडी : लिंग ठरवणारी गुणसूत्रं ओळखू येईनाशी झालेली, एक जोडी गायब, आणि काही तुकडे भलतीकडेच जोडले गेलेले. कॅन्सरमध्ये गुणसूत्रांची अशी मोडतोड होतेच. नवल त्यात नव्हतं. नवल हे होतं की बेटाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, नर-मादी अशा सगळ्या जनावरांच्या गाठींत मोडतोड तंतोतंत सारखी होती. दहा घरांत दहा काचा फुटल्या आणि सगळ्यांचे तडे एकसारखे निघाले, असं होत नाही.

तरीही शंका घ्यायला जागा होती. ती एका जनावराने संपवली. त्या डेव्हिलच्या स्वतःच्या निरोगी पेशींत पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच उलटा होता. गाठ त्याच्याच पेशींतून उगवली असती तर हा दोष गाठीतही दिसला असता. तो गाठीत नव्हता. म्हणजे गाठ त्या जनावराची नव्हतीच. पीअर्स आणि त्यांच्या सहकारी केट स्विफ्ट यांनी 2006 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जेमतेम एका पानात हे मांडलं : चावताना गाठीतल्या पेशी दुसऱ्याच्या जखमेत पडतात आणि तिथे कलमासारख्या जगतात. पुढे जनुकांच्या तपासण्या झाल्या आणि प्रत्येक तपासणीत उत्तर तेच आलं. गाठींचं जनुकीय रूप एकमेकींशी जुळत होतं, ज्यांच्या अंगावर त्या होत्या त्यांच्याशी नव्हतं.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत जास्त थांबायला लावणारी गोष्ट हीच. या रोगाकडे ‘हजारो डेव्हिलना झालेला कॅन्सर’ म्हणून पाहिलं तर काहीच नीट समजत नाही. तो एकाच डेव्हिलला झाला होता. ती मादी होती, हे तिच्या गाठीच्या जनुकांवरून कळलं. मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या ज्या पेशी असतात, श्वान पेशी (श्वान हे एका शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही), त्यांतली एक बिघडली हेही कळलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाठींमधले जनुकीय बदल मोजून मागे हिशोब केला, तेव्हा तिचा काळ 1986 च्या सुमारास निघाला. म्हणजे पहिला फोटो निघेपर्यंत हा कॅन्सर दहाएक वर्षं रानात कुणाच्याही नजरेस न पडता फिरत होता. ती मादी केव्हाच मेली असणार. तिच्या शरीराचा एक भाग मात्र जिवंत आहे, आणि आज त्याचं एकूण वजन ती जिवंत असतानाच्या तिच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भरेल. जीवशास्त्राच्या नजरेतून ही गाठ एक स्वतंत्र परजीवी प्राणी आहे. डेव्हिलपासून निघालेला, डेव्हिलवर जगणारा, पेशी-पेशीने वाढणारा. एकदा असं पाहिलं की पुढचे अनेक प्रश्न आपोआप सुटे होतात.

पहिला प्रश्न : डेव्हिलची रोगप्रतिकारक यंत्रणा काय करत होती? आपल्याकडे किडनी बदलायची म्हटलं की आधी एचएलए जुळवणी करतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात आणि शरीराचे पहारेकरी त्यांवरून आपलं-परकं ठरवतात. जुळणी बऱ्यापैकी झाली तरी रुग्णाला पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, नाहीतर शरीर ती किडनी नाकारतं. मग डेव्हिल दुसऱ्याच्या गाठीला का नाकारत नाहीत?

सुरुवातीला मिळालेलं उत्तर सोपं होतं आणि ते अजूनही अनेक ठिकाणी तसंच वाचायला मिळतं. बेटावरचा प्राणी, पूर्वीही संख्या अनेकदा कोसळलेली, सगळे एकमेकांचे नातलग, त्यामुळे ती प्रथिनंही जवळजवळ सारखी, म्हणून परकी पेशी परकी वाटत नाही. डेव्हिलमध्ये जनुकीय वैविध्य कमी आहे हे खरंच आहे. पण शास्त्रज्ञांनी एका डेव्हिलची कातडी दुसऱ्यावर लावून पाहिली, तर ती नाकारली गेली. म्हणजे त्यांची यंत्रणा आपलं-परकं चांगलं ओळखते. दोष निव्वळ डेव्हिलच्या माथी मारून भागत नाही.

खरी चलाखी गाठीची आहे. 2013 मध्ये असं दिसलं की गाठीच्या पेशी ती ओळखीची प्रथिनं पृष्ठभागावर येऊच देत नाहीत. ओळखपत्रच नाही, तर पहारेकरी तपासणार काय? महत्त्वाचं म्हणजे ती प्रथिनं बनवणारी जनुकं तुटलेली नाहीत, नुसती बंद करून ठेवलेली आहेत. प्रयोगशाळेत इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन, जे शरीर एरवी संसर्गाच्या वेळी स्वतःच सोडतं, गाठीच्या पेशींना दिलं की बंद जनुकं पुन्हा चालू होतात. लस शोधणाऱ्यांची बरीचशी आशा या एका निरीक्षणावर उभी आहे.

दुसरा प्रश्न रोगराईच्या गणिताचा आहे आणि तो मला पहिल्यापेक्षाही बोचतो. साथ पसरली, जनावरं मेली, उरलेली विरळ झाली, की साथ आपोआप विझते. एकमेकांची गाठभेटच कमी होते ना! अनेक रोगांच्या बाबतीत असंच घडतं. इथे तसं घडलं नाही. काही भागांत दहापैकी नऊ डेव्हिल संपले तरी रोग तिथून हटला नाही. कारण चावणं गर्दीवर अवलंबून नाही, विणीवर आहे. मैलभरात दोनच डेव्हिल उरले तरी हंगामात ते एकमेकांना शोधून काढतातच, आणि भेटले की चावतातच. प्रजननासाठी जे करणं भाग आहे तेच रोगाचं वाहन आहे. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचं गणित असंच चालतं. अशा रोगात संख्या कितीही खाली गेली तरी साथ थांबेल असा टप्पा येत नाही, म्हणूनच 2008 मध्ये डेव्हिलची नोंद धोक्यातल्या प्रजातींत करण्यात आली तेव्हा प्रजाती पूर्ण नष्ट होण्याची भीती गंभीरपणे बोलली जात होती.

त्यात आणखी एक गंमत, म्हणायची तर. आपल्याला वाटेल, ज्याला जास्त चावे बसतात त्याला गाठ होण्याची शक्यता जास्त. जनावरं पुन्हा पुन्हा पकडून चेहऱ्यावरच्या जखमा मोजल्या, तेव्हा उलट निघालं. ज्यांना कमी चावे बसले होते त्यांनाच पुढे गाठी जास्त झाल्या, आणि त्यांतल्या कित्येक तोंडाच्या आत. अर्थ असा की दांडगट, वरचढ जनावर स्वतः चावा घेतं, आजारी डेव्हिलच्या गाठीचाच लचका तोडतं आणि पेशी आपल्या तोंडात घेऊन जातं. म्हणजे रोग सगळ्यांत आधी उचलतो तो कमकुवत जनावरांना नव्हे. धडधाकट, भांडकुदळ, भरपूर पिल्लं देऊ शकणारी जनावरंच तो आधी काढून घेतो.

एकूण हानी किती? एका अंदाजानुसार 1990 च्या दशकाच्या मध्यात बेटावर पन्नास हजारांच्या वर डेव्हिल होते आणि 2020 च्या सुमारास सतरा हजारांच्या आसपास उरले. रोग आता बेटाच्या बहुतेक सगळ्या भागात पोचला आहे. परिणाम डेव्हिलपुरता राहत नाही. जिथे ते विरळ झाले तिथे मेलेली जनावरं रानात जास्त दिवस पडून राहतात आणि माणसाबरोबर आलेल्या रानटी मांजरांना मोकळं रान मिळतं.

एवढ्यावर ही कहाणी संपली असती तरी ती निसर्गातला एक विलक्षण अपघात म्हणून सोडून देता आली असती. पण 2014 मध्ये बेटाच्या दक्षिणेला, डांत्रकास्टो खाडीच्या परिसरात, एका डेव्हिलच्या गाठीची गुणसूत्रं वेगळीच निघाली. पहिल्या गाठीशी तिचं काहीही नातं नव्हतं. तीही चाव्यातून पसरत होती, तीही श्वान पेशींतूनच निघालेली होती, पण तिचा मूळ धनी नर होता, कारण तिच्यात वाय गुणसूत्राचा अंश होता. ही गाठ 2011 च्या आसपास जन्मली असावी, आणि तिच्यात जनुकीय बदल पहिल्या गाठीच्या सुमारे तिप्पट वेगाने होतात. एकाच प्रजातीत, एकाच बेटावर, काही दशकांच्या अंतराने दोन संसर्गजन्य कॅन्सर! अपघाताचा युक्तिवाद तिथेच ढासळला. डेव्हिलमध्ये असं पूर्वीही होऊन विझलं असेल आणि पाहायला कुणी नसेल, ही शक्यता आता शास्त्रज्ञ गांभीर्याने घेतात. तोंडावर सतत जखमा, त्या भरताना श्वान पेशींची सतत होणारी वाढ, आणि पेशी पोचवायला चावा तयार : अशा कॅन्सरला लागणारं सगळं साहित्य त्यांच्या जगण्यातच आहे, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटतं, पण सिद्ध झालेलं नाही.

ही दुसरी गाठ ओळखपत्र पूर्ण लपवतही नाही. तिच्या पेशींवर ती प्रथिनं दिसतात, पण जास्त करून अशी, जी पुष्कळ डेव्हिलमध्ये सारखीच असतात. म्हणजे एकीने ओळख लपवली, दुसरी सर्वसामान्य ओळख घेऊन फिरते आहे.

असा दुसरा प्राणी आहे का, हा प्रश्न इथे कुणालाही पडेल. आहे, आणि तो आपल्या गल्लीतच आहे. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लालसर, रक्त येणारी गाठ दिसते, जिला जनावरांचे डॉक्टर टीव्हीटी म्हणतात. पुण्या-मुंबईत भटक्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या कुणालाही विचारा, ओळखीची आहे. समागमातून, कधी हुंगण्या-चाटण्यातून तिच्या पेशी पसरतात. 1876 मध्ये रशियातल्या नोविन्स्की या पशुवैद्याने ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. त्या काळी पेशींच्या जनुकांबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. आज जगभरच्या नमुन्यांवरून कळतं की ही सगळी गाठ आशियातल्या एकाच कुत्र्याची, काही हजार वर्षांपूर्वीची. माणसांच्या जहाजांतून ती सुमारे पाचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही गेली. ज्ञात कॅन्सरमध्ये याहून जुनी पेशींची वंशावळ दुसरी नाही.

पण कुत्र्यांना हा रोग सहसा मारत नाही. गाठ क्वचितच शरीरात इतरत्र पसरते, काही कुत्र्यांत आपोआप ओसरते, आणि व्हिनक्रिस्टीन या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. व्हिनक्रिस्टीन मुळात सदाफुलीपासून मिळालं. होय, तीच, जी आपल्या सोसायटीच्या कुंड्यांमध्ये बारा महिने फुलते. साहजिकच हे औषध डेव्हिलवरही करून पाहिलं गेलं. काही उपयोग झाला नाही.

कुत्रे आणि डेव्हिल यांच्या पलीकडे समुद्रातल्या शिंपल्यांमध्येही असे कॅन्सर सापडले आहेत. तिथे चावा नाही, समागम नाही, पेशी पाण्यातूनच जातात. एका प्रजातीचा कॅन्सर दुसऱ्या प्रजातीच्या शिंपल्यात शिरल्याचीही नोंद आहे. माणसांत मात्र अवयव प्रत्यारोपणातून किंवा एखाद्या शस्त्रक्रियेतल्या अपघातातून कॅन्सर गेल्याची अगदी विरळा उदाहरणं आहेत, आणि ती साखळी तिथेच तुटलेली आहे.

डेव्हिलकडे परत येऊ. परजीवीने धन्याला बदलायला लावलं नाही असं क्वचितच होतं, आणि इथे तो बदल माणसाच्या हयातीत दिसला. निरोगी काळात मादी दोन वर्षांची झाल्यावर विते. एका वेळी वीस-तीस पिल्लं जन्मतात, पण पिशवीत स्तनाग्रं चारच, त्यामुळे जास्तीत जास्त चार जगतात. पाच-सहा वर्षांच्या आयुष्यात तिला तीनेक विणी मिळत. रोग आला आणि तिसरं वर्ष उलटण्याआधीच जनावर मरू लागलं. काही वर्षांतच एक वर्षाच्या माद्या विताना दिसू लागल्या, काही ठिकाणी पूर्वीच्या कित्येक पट. गर्दी कमी झाल्याने खायला जास्त मिळून त्या लवकर वाढल्या असतील, लवकर वयात येणाऱ्यांचीच पिल्लं उरली असतील, किंवा दोन्ही.

2016 मध्ये जनुकांतही फरक दिसला. रोग येण्याआधीचे आणि नंतरचे साठवलेले नमुने ताडून पाहिले, तेव्हा वेगवेगळ्या तीन भागांतल्या डेव्हिलमध्ये जनुकांचे तेच दोन पट्टे बदलले होते, आणि तेही चार ते सहा पिढ्यांत. त्या पट्ट्यांत प्रतिकारशक्ती आणि कॅन्सरशी संबंध असलेली जनुकं आहेत. त्याच सुमारास वायव्येकडच्या वेस्ट पेन्सिल पाइन भागात काही जनावरांच्या अंगावरची गाठ आपोआप लहान होत गेल्याचं नोंदवलं गेलं. फार थोडी उदाहरणं, पण पूर्वी असं एकही नव्हतं. 2020 मध्ये एका गटाने गाठींच्या जनुकांवरून हिशोब मांडला की पूर्वी एक आजारी डेव्हिल सरासरी तीनहून जास्तांना रोग देत असे, आता जेमतेम एकाला. हा हिशोब बरोबर आहे का यावर शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली आहे. मी स्वतः त्यावर विसंबून राहणार नाही, पण प्रजाती दहा-वीस वर्षांत संपणार अशी जी भाकितं झाली होती ती खरी ठरली नाहीत, एवढं उघड आहे.

माणसाने काय केलं? आधी सर्वांत जुना उपाय : आजारी जनावरं पकडून मारणं. 2004 पासून काही वर्षं फॉरेस्टियर द्वीपकल्पावर हे करून पाहिलं. तो भाग एका अरुंद पट्टीने बेटाला जोडलेला, म्हणजे प्रयोगाला सोयीचा. रुंद प्लास्टिक पाइपचे सापळे लावले, गाठ दिसली की जनावर दयामरणाने संपवलं. रोगावर काहीही परिणाम झाला नाही. गाठ दिसायला महिने लागतात, तोवर संसर्ग कळण्याची सोय नाही, आणि काही जनावरं सापळ्यात येतच नाहीत.

मग विमा उतरवला. निरोगी डेव्हिल पकडून ऑस्ट्रेलियाभरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि कुंपणातल्या राखीव जागांत त्यांची वीण सुरू केली, म्हणजे रानातले संपले तरी वंश राहील. 2012 आणि 2013 मध्ये त्यांतले 28 डेव्हिल टास्मानियाच्या पूर्वेकडच्या मरिया या छोट्या बेटावर सोडले. तिथे पूर्वी डेव्हिल नव्हते, त्यामुळे रोगही नव्हता. त्यांची संख्या झपाट्याने वाढली. योजना शंभर टक्के यशस्वी. फक्त त्या बेटावर छोट्या पेंग्विनच्या तीन हजार जोड्या होत्या, आणि 2021 मध्ये पक्षीतज्ज्ञांनी जाहीर केलं की तिथे आता एकही उरलेली नाही. जमिनीवर बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बेटावर भुकेले मांसाहारी सोडल्यावर दुसरं काय होणार होतं, असं नंतर म्हणणं सोपं असतं. पण पक्ष्यांना धोका आहे असं आधीही सांगितलं गेलं होतं. 2020 मध्ये मुख्य भूमीवर, न्यू साउथ वेल्समधल्या बॅरिंग्टन टॉप्स भागात, कुंपण घातलेल्या सुमारे 400 हेक्टर जागेत काही डेव्हिल सोडले आणि पुढच्या वर्षी तिथे पिल्लं जन्मली. ‘3,000 वर्षांनी पुनरागमन’ असे मथळे जगभर झळकले. कुंपणाच्या आत.

लशीचं काम होबार्टमध्ये टास्मानिया विद्यापीठाच्या मेन्झीस संस्थेत चालू आहे. मारलेल्या गाठ-पेशी टोचून केलेल्या पहिल्या लशीने डेव्हिलच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली, पण रानात सोडल्यावर त्यांतल्या काहींना गाठी झाल्याच. उलट, ओळखपत्राची प्रथिनं पुन्हा चालू केलेल्या जिवंत गाठ-पेशी टोचल्यावर काही थोड्या आजारी डेव्हिलच्या गाठी विरघळल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे दार बंद नाही. सध्याचा विचार आमिषातून लस देण्याचा आहे. युरोपात कोल्ह्यांचा रेबीज अशाच खाऊतल्या लशीने आटोक्यात आला. अडचण अशी की रानात आमिष टाकलं की ते पॉसमसारखे दुसरेच प्राणी आधी फस्त करतात, त्यामुळे डेव्हिलनेच हात घालावा अशा यंत्रातून ते देण्याची धडपड चालू आहे. आणि लस एकीवर चालून भागणार नाही, गाठी दोन आहेत.

यातूनच आज एक अवघड वाद उभा आहे. विम्यातले शेकडो निरोगी डेव्हिल रानात सोडावेत का? एक बाजू म्हणते, रानातली संख्या रोडावली आहे, वैविध्य घटलं आहे, नवं रक्त हवं. दुसरी म्हणते, रानात तीसेक वर्षांत जे थोडेफार टिकाव धरायला शिकले, त्यांच्यात रोग कधी न पाहिलेल्या जनावरांची जनुकं मिसळली तर ती कमाई पातळ होईल, आणि गाठीला ताजे बळी मिळतील ते वेगळंच. काही सोडलेली जनावरं तर थोड्याच दिवसांत रस्त्यावर गाड्यांखाली मेली. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. जिथे अजून स्वतःच्या जोरावर तग धरून असलेले डेव्हिल आहेत, तिथे निदान काही वर्षं नवे सोडू नयेत, पकडून, मोजून, नमुने घेऊन नजर ठेवावी. जिथे संख्या अगदीच उरली नाही तिथली गोष्ट वेगळी. आणि दुसरी गाठ ज्या आग्नेय कोपऱ्यात आहे, तिथे दोन्ही गाठी आता एकाच रानात आहेत. त्या भागासाठी कुठलीच बाजू अजून ठाम बोलत नाही.